खर्जाची प्रुफं

१

माझा नवरा दिवसभर चष्म्याच्या काचा घासायचा आणि संध्याकाळी तासभर राक्षसासारखा ओरडायचा. दोन्ही कामं तो सारखंच मन लावून करायचा. दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांना तो ‘आता नीट दिसतंय का?’ असं इतक्या हळू विचारायचा, की निम्मे जण ‘काय म्हणालात?’ म्हणून कान पुढे करायचे. घरीही त्याचा आवाज तसाच. अठरा वर्षांच्या संसारात तो माझ्यावर एकदाही ओरडला नाही. ओरडायचं ते सगळं त्याने बँडसाठी राखून ठेवलं होतं.

बँड जे संगीत वाजवायचा त्याला गॉथिक डूम-डेथ मेटल म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, यातलं नाम कुठलं आणि विशेषणं किती. मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम, त्यामुळे मला असलेच प्रश्न पडतात. त्याने उत्तर न देता एक गाणं लावलं. गिटारी इतक्या खाली लावलेल्या की सूर तळपायांतून वर यावा. ड्रमचे ठोके इतके लांब लांब, की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा गाळून व्हावा. मागे ऑर्गन, मधूनच एक रडवेलं व्हायोलिन, सगळ्यांच्या वर माझ्या नणंदेचा स्वच्छ उंच आवाज, आणि सगळ्यांच्या तळाशी माझा नवरा. त्याचं एक अक्षर मला कळलं नाही. तरी डोळे भरून आले, आणि त्याचं खापर मी प्रुफांच्या बारीक टायपावर फोडलं.

बँडमधले त्याला खर्ज म्हणत. घरी त्याचा सराव शेजाऱ्यांच्या जिवावर उठू नये म्हणून आम्ही अडगळीची खोली रिकामी केली आणि आतून भिंतींना, छताला, दाराला जुन्या गाद्या ठोकल्या. आत एक स्टूल मावायचं आणि स्टुलावर एक माणूस. गाद्यांमुळे दार बाहेरच्या बाजूला उघडायचं केलं होतं आणि बाहेरून कडी होती. त्या खोलीला आम्ही पेटी म्हणायचो. तो पेटीत शिरला की माझ्या टेबलापर्यंत फक्त एक घरघर यायची, दूरवर कुणीतरी जड कपाट सरकवावं तशी, आणि तिच्या सोबतीने मी निवांत काम करायचे.

रविवारी सकाळी मात्र आम्ही दोघं मिळून प्रुफं वाचायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफ तपासायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा वाचायची असतात. शाळेच्या भूगोलाचं पुस्तक तो त्याच्या त्या मऊ आवाजात वाचायचा: नदी उगमापाशी अरुंद असते स्वल्पविराम पुढे रुंदावते पूर्णविराम. दुसऱ्या कुणाच्या घरात नवरा-बायको रविवारी काय बोलतात मला ठाऊक नाही. आम्ही हे बोलायचो आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

‘ओल’ या अल्बमसाठीच्या आपल्या सगळ्या ओळी त्याने एकाच दिवसात रेकॉर्ड केल्या. घरी आला, बूट काढले, खुर्चीत बसला. मी चहा घेऊन येईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला वाटलं होतं, घसा म्हणतील.

२

दोन महिन्यांनी बँडचा गिटारवाला आणि माझी नणंद घरी आले. गिटारवाला शाळेत भूमिती शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने बराच वेळ कपातला चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. मग म्हणाला, अल्बम तयार आहे, फक्त सोबतची पुस्तिका राहिली आहे. तिच्यात गाण्यांचे शब्द छापायचे आहेत. खर्जाने शब्द कुठे लिहून ठेवलेत?

मी नणंदेकडे बघितलं. ती म्हणाली, तिच्या वाट्याला शब्दांविना नुसता ‘आ’ लावून गायचा आकार होता. शब्द तिलाही कधी कळले नाहीत आणि दादाने सांगितले नाहीत.

मग मला ते सांगावं लागलं, जे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तो आपल्या ओळी माझ्या जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचा. तो गेल्यावर घर आवरण्याच्या नादात मी सगळे गठ्ठे रद्दीत दिले. तीस वर्षं मी कागद तपासत आले, पण छापलेली बाजू. पाठ बघायची सवयच नाही. त्याच्या हातचं घरात जे काही उरलं होतं, ते मी स्वतः सुतळीने बांधून दाराबाहेर ठेवलं होतं.

मास्तर ढवळायचा थांबला. नणंद म्हणाली, “वहिनी, त्याचा आवाज तुमच्याइतका कुणी ऐकलेला नाही. तुम्हीच ऐकून लिहा.”

एवढं मोठं पाप असं टेबलाशी बसून फेडता येत असेल तर मला हवंच होतं. पण खरं सांगायचं तर मी पापाचा विचार करत नव्हते. तो जाताना माझ्याशी काही बोलला नव्हता. बूट काढताना फक्त ‘दमलो’ म्हणाला. त्याच्या शेवटच्या दिवसाचे सगळे शब्द त्या सहा गाण्यांत होते, आणि त्यातला एखादा तरी माझ्यासाठी असेल अशी मला आशा होती.

३

मास्तरने मला प्रत्येक गाणं दोन प्रकारे दिलं, एक पूर्ण गाणं आणि एक नुसता खर्जाचा आवाज. सोबत त्याचे जाडजूड हेडफोन. दुपारी इमारत रिकामी असते. बाकीचे सगळे कामावर जातात आणि जिन्यावर पाऊलही वाजत नाही. ती वेळ मी ठरवली.

पहिल्या दिवशी मी चार तास ऐकलं आणि सात शब्द लिहिले. त्यातले तीन मागाहून खोडले. नुसता आवाज लावून काही उपयोग नव्हता, कारण वाद्यांशिवाय तो आवाज आजारी माणसासारखा वाटायचा आणि माझ्याने ऐकवायचं नाही. पूर्ण गाणं लावलं की मात्र तो उभा राहायचा. ऑर्गनचा एक सूर धरला जायचा, गिटारी त्याच्यावर हळूहळू बसायच्या, आणि मग खालून तो यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा कान बसला. ‘र’ कसा घासला जातो, ‘ख’ कुठे फुटतो, हे कळायला लागलं आणि अक्षरं धुक्यातून माणसं यावीत तशी एकेक पुढे यायला लागली.

‘ओल्या पायरीवर पाय, खाली काळोख.’ ‘धूर, धूर, दूर गेले घर.’ मी लिहिताना हसत होते. हा गृहस्थ भाजीवाल्याला पिशवी परत करताना आभार मानायचा आणि इकडे त्याच्या डोक्यात हे चाललं होतं. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसतेय.

दहा दिवसांत तीन गाणी झाली. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून मास्तरकडे पाठवली. चौथ्या गाण्यात, तिसऱ्या ओळीच्या शेवटी, एक शब्द आला तो मी सहा वेळा ऐकला. ‘स्वल्पविरा’. शेवटचं अक्षर ऑर्गनमध्ये बुडत होतं.

मी ‘स्वल्प विरह’ असं लिहिलं. थोड्या काळाची ताटातूट. मला हवं होतं ते हेच. पण मुद्रितशोधकाला स्वतःच्या बोटांवरही भरवसा नसतो. ‘स्वल्प विरह’ हा आमच्या ह्यांचा शब्द नव्हता. ‘विरह’ म्हणताना त्याला लाज वाटली असती.

मी पुढची ओळ लावली. तिच्याही शेवटी तेच होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी नुसता आवाज लावून तीच जागा काढली. तिथे शब्द नव्हता. तिथे तो श्वास घेत होता. ओळ संपते, श्वास, पुढची ओळ. पूर्ण गाणं लावलं, की त्याच जागी ‘स्वल्पविरा’.

मी शहाण्या माणसासारखा विचार केला. ऑर्गन, बास आणि दोन गिटारी एकत्र वाजल्या की त्यांच्यातून अक्षरांसारखं काहीतरी तयार होत असेल. पंख्याच्या आवाजात नाही का आपल्याला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं? कान बिचारा सवयीचा गुलाम. अठरा वर्षांचे रविवार त्याला पुरेसे होते.

तरीही मी नणंदेला बोलावलं. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि संपूर्ण गाणं ऐकून ती थोडी रडली. मग म्हणाली, तिथे दादा श्वास घेतो, दुसरं काही नाही. मी पुन्हा ऐकायला लावलं. तिने ऐकलं. हेडफोन काढून माझा हात हातात घेतला आणि विचारलं, वहिनी, तुम्ही जेवताय ना वेळेवर?

मी जेवत होते. मी कागदावरचं ‘स्वल्प विरह’ खोडलं आणि तिथे एक साधा स्वल्पविराम घातला. तो तिथे शोभलाही.

५

चौथ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘कोरडी विहीर, तळाशी आवाज’ अशी ओळ आहे. लिहिताना घाई झाली आणि मी ‘विहिर’ लिहिलं. माझ्या हातून अशी चूक वर्षातून एखादी होत असेल. मी लक्ष न देता ती ओळ पुन्हा लावली, पुढचा शब्द नीट ऐकायला.

‘कोरडी विहीर,’ गाणं म्हणालं, आणि ठोका पडून गेल्यावर जी मोकळी जागा राहते तिच्यात, तळातून, म्हणालं, ‘दीर्घ.’

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत नेहमीची दुपार होती. टेबलावर ऊन, शिसपेन्सिली, रबर. हे मान्य करायला हवं, की मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. मला शरमल्यासारखं झालं. चूक पकडली गेली की होतं तसं. मी ‘हि’ खोडून ‘ही’ केली, ओळ पुन्हा लावली, आणि मोकळ्या जागेत काहीही आलं नाही.

पुढच्या ओळीत मी मुद्दाम ‘धुर’ लिहिलं.

‘दीर्घ.’

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. मी चुका करत होते. ‘दुर’ लिहायचे, ‘फुल’ लिहायचे, ‘धुळ’ लिहायचे, एकदा तर ‘शरिर’ लिहिलं आणि स्वतःच लाजले. प्रत्येक वेळी ठोक्यामागच्या शांततेतून तो यायचा आणि मला सुधारून जायचा. तीस वर्षं ज्या चुकांशी मी वैर धरलं होतं त्यांना मी गोंजारत बसले होते. घरी नणंदेचा फोन आला तर ती म्हणायची, आवाज बरा वाटतोय तुमचा. बराच होता. मी केस धुऊन, विंचरून टेबलाशी बसायचे.

एकच गोष्ट मला टोचायची. रविवारी तो माझ्या खांद्यावरून प्रुफात डोकावायचा तेव्हा असं कधी म्हणायचा नाही. त्याला व्याकरण मीच शिकवलेलं, त्यामुळे चूक दिसली तरी तो विचारायचा, ‘दीर्घ की गं?’ कायम विचारायचा, आणि कायम बरोबर असायचा. गाण्यातला आवाज विचारत नव्हता, बजावत होता. मी मनाशी म्हटलं, मेल्यावर माणसाला आत्मविश्वास येत असेल.

६

पाचवं गाणं अकरा मिनिटांचं आहे. पहिली चार मिनिटं नुसता ऑर्गन आणि एकेक ठोका. पाचव्या मिनिटाला खर्ज सुरू होतो. मी पेन्सिल घेऊन तयार होते.

‘टेबल,’ तो म्हणाला, ‘स्वल्पविरा. खिडकी, स्वल्पविरा. रबर, स्वल्पविरा. ओले केस, स्वल्पविरा.’

मी लिहीत गेले. हात सवयीने चालतो. चार ओळी लिहून झाल्यावर मी काय लिहिलंय ते वाचलं. माझे केस तेव्हा ओलेच होते.

मी नुसता आवाज लावून बघितला. तिथे वेगळीच ओळ होती, गार दगडाबद्दल काहीतरी, आणि ती मला अगदी स्पष्ट कळली. म्हणजे त्याने रेकॉर्डिंगच्या दिवशी गायलेलं हे होतं. मग दुसरं कोण वाचत होतं? प्रत समोर ठेवून वाचतात तसा तो एकेक वस्तू वाचत होता. आणि प्रत म्हणजे मी आणि माझी खोली.

अशा वेळी शहाण्या माणसाने हेडफोन काढावेत. मी काढले. ‘खुर्ची, स्वल्पविरा,’ असं ऐकू आलं, थोडं उशिरा, हेडफोन टेबलावर ठेवून झाल्यावर. आवाज टेबलाकडून आला नव्हता. तो पॅसेजच्या टोकाकडून, पेटीच्या बाजूने आला होता, गाद्यांमधून गाळून येतो तसा. मी कान टवकारून कितीतरी वेळ बसले. खाली रस्त्यावरून एक रिक्षा आली आणि गेली. बाकी काही नाही.

मी मास्तरसाठी गार दगडाचीच ओळ लिहिली. दुसरा कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडवला नाही.

७

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ राहिली. मास्तर सकाळी येऊन बसला होता, कारण पुस्तिका त्या संध्याकाळी छापायला जायची होती. ओळ दोनच शब्दांची होती. पहिला शब्द ‘दार’, यात शंका नव्हती. दुसरा ‘उघड’. पण शेवटचं अक्षर इतकं लांबवलेलं होतं की ते ‘उघड’ही असेल आणि ‘उघडू’ही, आणि ‘उघडू’ असेल तर त्याच्यापुढे काहीतरी होतं, ज्याच्यावर नेमकी झांज फुटत होती. नुसत्या आवाजातही ते कळेना. तिथे तो दमला होता आणि शेपूट हवेत विरून जात होतं.

“दार उघड,” मी म्हटलं, “किंवा दार उघडू नको.”

मास्तर हसला. म्हणाला, मग ‘उघड’च. खर्जाच्या ओळींत ‘नको’ असणं शक्य नाही. मी ‘का?’ असं विचारलं, तर त्याने घशावर हात ठेवून समजावलं. या आवाजात सगळी हवा घशातून काढतात, नाकाकडे जायला ती उरतच नाही, त्यामुळे ‘न’ आणि ‘म’ येत नाहीत, गिळले जातात. म्हणून खर्ज ओळी लिहितानाच ती अक्षरं टाळायचा. तपासून बघा, वहिनी.

मी माझी सगळी पानं तपासली. सहा गाण्यांत एकही न नव्हता, एकही म नव्हता. माणूस माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं अक्षरं वगळत होता आणि मला, मुद्रितशोधकाला, पत्ता नव्हता. मी किती वेळ तशीच पानं उलटत बसले कोण जाणे. मास्तर म्हणाला, मी चारला येतो, तोवर लिहून ठेवा. आणि गेला.

‘उघड’ असेल तर तो मला बोलावत होता. ‘उघडू नको’ असेल तर तो मला वाचवत होता. एवढंच ठरवायचं होतं. आणि ठरवायला माझ्याकडे एक सोपी युक्ती होती.

मी कागदावर लिहिलं: दार उघड. गाणं लावलं. ओळ आली, झांज फुटली, मोकळी जागा आली. कुणी काही बोललं नाही. म्हणजे बरोबर. मला इतकं हलकं वाटलं की मी उठलेसुद्धा. पण प्रूफ दोनदा तपासायचं असतं. मी परत बसले आणि खाली लिहिलं: दार उघडू नको. पुन्हा गाणं लावलं.

झांज फुटायच्याही आधी, घाईने, तो म्हणाला, ‘ऱ्हस्व.’

मी त्या ‘उघडू’कडे बघत राहिले. मराठी शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ. हा पहिला नियम. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी त्याला तो शिकवला होता, आणि पुढे तो दुकानांच्या पाट्या वाचतानाही मला खुणावून दाखवायचा. तो झोपेत विचारला असता तरी चुकला नसता.

म्हणजे तीन आठवडे माझ्या चुका दुसरंच कुणीतरी सुधारत होतं. त्याला नियम येत नव्हते; माझ्या सगळ्या चुका ऱ्हस्वाच्याच होत्या, ‘दीर्घ’ म्हटलं की त्याचं भागत होतं. मी काय लिहिते ते त्याला दिसत होतं, एवढंच. आणि त्याला एक शब्द कागदावर नको होता.

८

मी गाणं बंद केलं. ते बंद झालं. हेडफोन गळ्यात तसेच होते, ते काढून ठेवले. खिडकीबाहेर खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुपारचे तीन वाजले होते. घराबाहेर पडायला माझ्या अंगावरचे कपडे चांगले होते, चपला दाराशी होत्या, नणंदेचं घर दहा मिनिटांवर होतं. मी हे सगळं क्रमाने मनात म्हटलं. उठलेही त्याच विचाराने.

पॅसेजमधून बाहेरच्या दाराकडे जाताना पेटी डाव्या हाताला लागते. मी तिच्याकडे न बघता जाणार होते. मी तिच्यासमोर आले तेव्हा आतून श्वास घेतल्याचा आवाज आला. ओळ सुरू करण्याआधी घेतात तसा लांब, पोटापर्यंत ओढलेला. मी थांबले. आता खर्ज येणार, असं मला वाटलं.

“नको गं,” तो म्हणाला.

खर्जात नाही. घरच्या आवाजात. म्हाताऱ्यांना ‘आता दिसतंय का?’ विचारायचा त्या आवाजात, इतका हळू, की मला कान पुढे करावा लागला. त्यातला न स्वच्छ होता. ‘गं’ नाकातून, पुरता, आमच्या घरातला. आत जे काही दुसरं होतं त्याला हे अक्षर कधीच येणार नव्हतं. हा तोच होता. त्याच्यासोबत त्या गाद्यांमध्ये, एका स्टुलाच्या जागेत, आणखी काय बसलं होतं ते मला माहीत नाही.

मला सगळं कळत होतं. त्याने शेवटच्या दिवशी, घसा फाटेपर्यंत, जे अक्षर निघत नाही ते काढायचा प्रयत्न केला होता, आणि तो माझ्यासाठी होता. मला हवा होता तो शब्द मला मिळाला होता. तो ऐकून दहा मिनिटांवरच्या घरी निघून जायचं, एवढंच त्याने मागितलं होतं.

मी कडी काढली.

दार बोटभर उघडलं आणि अडलं. आतून कुणीतरी ते धरलं होतं. फटीतून गाद्यांचा ओला वास आला आणि दाराच्या कडेवर चार बोटं दिसली. नखांच्या कडांना काचेची पांढरी भुकटी होती, ती मी अठरा वर्षं ब्रशने घासून काढत आले होते. ती बोटं दार आत ओढत होती, सगळा जीव एकवटून. त्यांच्या मागे, अंधारात, दुसरं काहीतरी अगदी शांत होतं. त्याला ओढायची गरज नव्हती.

“नको,” तो पुन्हा म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. तसा तो मी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा कधी ऐकायला मिळाला नसता.

मी दोन्ही हातांनी दार धरलं, भिंतीला पाय लावला आणि ओढलं.